सुदैवाने कोणी जखमी नाही

चतुर्थीच्या सुट्ट्या संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, कारापूरच्या तिठ्याजवळ माझ्या थांबलेल्या स्कूटरला मागून एका पिकअपने धडक दिली. पुढे बस प्रवासी घेत होती, म्हणून मी थांबले होते. स्कूटर हातभर सरकून बसच्या मागच्या पत्र्याला टेकली. मागचा दिवा फुटला, नंबरप्लेट वाकली. मी पडले नाही. डोके आधी मागे गेले, मग पुढे आले. त्याला एक सेकंदही लागला नसावा.

पिकअपचा चालक खाली उतरला. "लागलें काय बाय?"

"ना," मी म्हटले.

साध्या कपड्यातला एक हवालदार त्याच बसमध्ये होता. मला ओळखत होता. खिडकीतूनच म्हणाला, "तक्रार करतल्यात? नाका तर सोडा त्याला. पेपरवाल्यांक धडक मारपाक धाडस लागता."

बसमधले लोक हसले. मीही हसले. तक्रार करायची नाही, असे मी सांगितले. बस गेली, पिकअप गेला, मी डिचोलीच्या कार्यालयात दहा वाजता पोचले.

मी एका मराठी दैनिकाच्या तालुका पानाची प्रमुख होते. पेडणे आणि डिचोली हे माझे तालुके. बातम्या घ्यायच्या, लिहायच्या, इतरांच्या तपासायच्या आणि संध्याकाळी सहाला पान छपाईला सोडायचे. बावीस वर्षे हे काम केले. त्या दिवशी सहाला दहा मिनिटे असताना तिसऱ्या स्तंभाच्या तळाशी चार ओळी कमी पडत होत्या. हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून सकाळचीच घटना लिहिली. कारापूर येथे थांबलेल्या दुचाकीस पिकअपची धडक बसून दुचाकीचे नुकसान झाले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. नाव दिले नाही, कारण स्वतःच्या माणसांची नावे बातमीत घालायची नाहीत हा आमचा नियम.

"सुदैवाने" हा शब्द कोणी मला सांगितला नव्हता. तो हाताला लागलेला होता. बावीस वर्षांत तो किती अपघातांना लावला, ते मोजलेले नाही. त्यातल्या एकाही माणसाला दुसऱ्या दिवशी फोन करून मी विचारले नव्हते की आज कसे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर नेहमीप्रमाणे पायरीवर पडला. मला वाकता आले नाही. मान डावीकडे वळत नव्हती, उजवीकडे थोडी वळत होती, आणि खाली बघितले की कानामागून खांद्यापर्यंत कळ जात होती. सासूबाईंनी पेपर उचलला. त्या रोज माझेच पान आधी वाचतात.

"ही तुझीच गो बातमी?"

"होय."

"कोणी जखमी झाले नाही म्हणून लिहिलंय."

"होय."

"मग अशी खांब्यासारखी कित्याक उबी?"

म्हापशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडे बरी होती. धक्क्याने मानेचे स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. गळ्याला पट्टा, दिवसातून दोन वेळा एक गोळी, झोपताना दुसरी. आधी पंधरा दिवस; ते पुढे वाढत गेले. चार दिवस रजा घेऊन मी पाचव्या दिवशी कामावर गेले. पट्टा घातला की मान खाली होत नाही, त्यामुळे प्रूफ टेबलावर ठेवून वाचता येत नव्हते. दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरावे लागे.

पान लावणारा सहकारी माझ्याच वयाचा, शिरगावचा. त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केले, "बायची कॉलर पळयली? आतां ती आमकां सकयल पळयना."

"सकयल पळोवपासारखें कितें आसा?" मी म्हटले. खाली बघण्यासारखे तिथे खरेच काही नव्हते.

तो पहिला आठवडा असा गेला. दुखणे होते, पण त्यावर बोलता येत होते.

दुसरी गोष्ट कधी सुरू झाली हे मला नक्की सांगता येत नाही, आणि न सांगता येणे हाच तिचा भाग होता. प्रूफ वाचताना मी ओळीच्या शेवटी पोचायचे आणि पुढच्या ओळीऐवजी तिच्या खालच्या ओळीवर उतरायचे. कधी तीच ओळ पुन्हा वाचायचे आणि ती नवी वाटायची. लांब वाक्यात क्रियापद येईपर्यंत कर्ता हातातून सुटलेला असे. फोनवर कोणी तीन गोष्टी सांगितल्या तर पहिली आणि तिसरी राहायची. दुसरी विचारली गेली होती का, हेही आठवत नसे. शुद्धलेखनाच्या चुका मला दिसत होत्या, कारण त्या एका शब्दात मावतात. दोन शब्दांमधला संबंध धरून ठेवणे अवघड झाले होते.

मी ओळीखाली पट्टी धरून वाचू लागले. शिकाऊ असताना तसे वाचायचे. पान सहाऐवजी पावणेसातला सुटू लागले.

फिजिओथेरपी साखळी गावात होती, आठवड्यातून तीन वेळा, सकाळी आठला. गरम पिशवी, मग हनुवटीला पट्टे बांधून मान वर ओढण्याचे यंत्र, मग व्यायाम. माझ्याआधीचा नंबर एका गवंड्याचा असे. तो कोल्हापूरकडचा, दहा वर्षे इकडे बांधकामावर. फळी वरून पडून त्याच्या मानेला लागले होते. त्याचा पट्टा नेहमी पिशवीत असायचा. गळ्यात घालत का नाही, असे मी विचारले.

"घालून गेलो की मुकादम गेटवरच थांबवतोय, ताई. पट्टा काढला की मान दुखतीया, घातला की पोट."

मग त्याने न विचारता सांगितले, "मान काय, सोसतोय. पर माप ऱ्हाईना झालंय. फूटपट्टी लावून बघतोय, साडेसात. विटेकडं वळतोय तवर साडेसात का साडेआठ, कळंना. बायको म्हणतीया, प्यायला लागलाय. आयुष्यात कधी शिवलो न्हाई."

"गोळ्या कुठल्या घेता?"

त्याने पिशवीतून पाकीट काढून दाखवले. झोपतानाची गोळी माझीच होती.

बातमीला दोन स्रोत लागतात. तोपर्यंत या बातमीचा एकच स्रोत होता, आणि त्याची स्मरणशक्ती संशयास्पद होती. त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना विचारले. ते घाईत होते, तरी त्यांनी उत्तर दिले.

"डोकं कुठे वळलंय, हे मानेतले स्नायू मेंदूला सतत कळवत असतात. तो निरोप बिघडला की डोळ्यांना ओळ धरून ठेवायला जास्त कष्ट पडतात. त्यात दुखणं लक्ष खातं. झोप अर्धी, ती लक्ष खाते. आणि ही रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात राहते. यातलं कोण किती खातंय, ते मला वेगळं करून सांगता येणार नाही."

"गोळी बंद केली तर?"

"झोप जाईल. एकदम बंद करू नका. हळूहळू उतरवू."

"हे लिहून द्याल?"

"काय लिहून देऊ? लक्ष लागत नाही म्हणून? एक्स-रेत लक्ष दिसत नाही, मॅडम."

त्यांनी लिहून दिले ते असे: मानेचे दुखणे, वजन उचलू नये, हलके काम द्यावे. तो कागद मी कार्यालयात दिला. तो पाहून व्यवस्थापक म्हणाले, "बसून वाचायचं, याहून हलकं काम माझ्याकडे नाही."

दिवाळीनंतर एका सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास पेडण्यातून फोन आला. बोलणारे एक निवृत्त शिक्षक होते. त्या गावच्या बातम्या ते वर्षानुवर्षे मला देत आले होते, कधी चुकीची दिली नव्हती. गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, मोठे बांधकाम येणार होते आणि त्याला ना हरकत द्यायची की नाही, यासाठी खास ग्रामसभा बोलावली होती. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लावली होती, कोणी वाचली नव्हती. लोक तुमचा पेपर वाचतात, तेव्हा घाला, असे त्यांचे म्हणणे होते.

"परवां सकाळीं धा वाजतां, बाय. ठळक घाल."

"घालते, मास्तर."

बोलण्यातला दिवस आणि पेपरातला दिवस यांत एका दिवसाचे अंतर असते. आज लिहिलेले लोक उद्या वाचतात. म्हणून आज, उद्या, परवा हे शब्द माझ्या पानावर चालत नसत. वाराचे नाव लिहायचे, असा नियम मीच घातला होता. सोमवारी कोणी परवा म्हटले की तो बुधवार. हे बोटांवर मोजावे लागत नाही.

त्या दिवशी मी वहीत लिहिले: परवा, १० वा., पंचायत सभागृह. तासाभराने बातमी करायला बसले, तेव्हा पान मंगळवारचे म्हणून मी मंगळवारपासून मोजले. गुरुवार आला. बातमी ठळक लागली. सड्यावरील बांधकामाबाबत गुरुवारी खास ग्रामसभा. प्रूफ मीच वाचले, ओळीखाली पट्टी धरून. एकही अशुद्ध शब्द नव्हता.

बुधवारी ग्रामसभा झाली. तेरा जण हजर होते. ठराव संमत झाला.

गुरुवारी सव्वादहाला फोन वाजला.

"बाय, आमी हांगा उबीं आसात. दाराक कुलूप."

मी विचारले, कुठे. त्यांनी सांगितले. मी वही उघडली. तिथे परवा लिहिलेले होते.

"ब्रेस्तार, गुरुवार म्हणून तुजेच पेपरान आयलां. लोक पेपर घेवन आयल्यात हातांत. सभा काल जाली म्हण तलाठी सांगता."

"तुम्ही मला वार सांगितला होता का, मास्तर?"

ते म्हणाले, "बुधवार म्हण सांगिल्लें हांवें. दोन फावट."

दोनदा सांगितले की नाही, हे मला पडताळता येत नाही. वहीत वार नाही. परवा शब्द आला की वार विचारायचा, ही माझी सवय होती. मी विचारले असेल आणि त्यांनी सांगितले असेल, किंवा मी विचारलेच नसेल. त्या फोनमधले मला फक्त "ठळक घाल" आठवते.

"किती जण आहेत तिथे?" मी विचारले. सवयीने.

"मोज आतां," ते म्हणाले. "तुका बातमी जाय मूं? सत्तावीस. बरय." बातमीला हवा असलेला आकडा देऊन त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारच्या अंकात पान चारवर दुरुस्ती आली. अमुक गावची ग्रामसभा बुधवारी झाली असून गुरुवार असा उल्लेख अनवधानाने झाला होता. अनवधानाने हाही आमच्याकडचा ठरलेला शब्द. या वेळी तो खरा होता, एवढेच.

मला लेखी खुलासा मागितला गेला. मी दीड पान लिहिले. अपघात, पट्टा, गोळ्या, डॉक्टरांचे बोलणे, ओळी चुकणे, सगळे क्रमाने. गवंड्याचेही लिहिले होते. ते नंतर काढले. चूक माझी आहे, असे पहिल्याच वाक्यात होते. मागणी शेवटी होती: गोळी उतरेपर्यंत मला प्रूफाला दुसरे डोळे द्यावेत, आणि पान माझ्याकडे ठेवावे. मला हवे होते ते पान.

सोमवारी संपादकांच्या खोलीत बोलावले. व्यवस्थापकही होते. त्यांच्यासमोर माझा खुलासा होता आणि त्याच्यावर टाचणीने लावलेले एक लहान कात्रण.

"ही बातमी कोणी दिली?" व्यवस्थापकांनी विचारले.

मी कात्रण डोळ्यांपर्यंत उचलले. चार ओळी होत्या.

"मी."

"ही स्कूटर तुमची. तो अपघात तुमचा. आणि तुम्हीच लिहिलंय, सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. आपल्याच पेपरात छापून आलंय. आता तुम्ही म्हणता जखमी झाले. मी कशावर विश्वास ठेवू, पेपरावर की तुमच्यावर?"

"दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं."

"मग दुसऱ्या दिवशी दुरुस्ती का दिली नाही?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देण्याचा विचारच मनात आला नव्हता. मी म्हटले, "आज देते. कारापूरच्या अपघातात एक जण जखमी झाला होता, अशी."

संपादक मला सतरा वर्षे ओळखतात. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कसली दुरुस्ती? अडीच महिन्यांनी? सुदैव मागे घ्यायचं?"

व्यवस्थापक हसले. मी पट्ट्यामुळे मान हलवू शकत नव्हते, त्यामुळे मी होय म्हटले की नाही, हे त्यांना कळले नसावे.

मग संपादकांनी तोडगा काढला. पान तात्पुरते दुसऱ्याकडे जाईल. मी एक महिना पंचांगाची चौकट आणि "आजचे कार्यक्रम" वाचायचे. "महिनाभर एकही चूक नको. मग पान परत. हा माझा शब्द." व्यवस्थापकांनी मान डोलावली.

पंचांगात तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त. कार्यक्रमांत जागा, वेळ, वार. तीस ओळींपेक्षा जास्त कधी नसायचे. मी प्रत्येक ओळ तीन वेळा वाचायचे: एकदा सरळ, एकदा शेवटाकडून, एकदा मोठ्याने. पहिल्या आठवड्यात त्याला दीड तास लागे. पान लावणारा सहकारी एकदा माझ्यामागे उभा राहून ऐकत होता. "उत्तररात्री मूळ नक्षत्र," मी वाचले.

"बाय, भटपण सुरू केलें?"

"दक्षिणा ठेव आणि जा."

तो गेला नाही. हळू आवाजात म्हणाला, "पान हांव लायतां, पूण वाचता ताका वाचपाक येना. काल लाटंबार्सेंचें लाटंबारसी जालें." गावाच्या नावातली ती चूक मी सकाळी पेपर उघडताच पाहिली होती.

रात्रीची गोळी डॉक्टरांनी अर्धी केली, नंतर एक दिवस आड, नंतर बंद. पहिल्या तीन रात्री झोप आली नाही. चौथ्या रात्री आली. पट्टा निघाला. मान डावीकडे अजून पूर्ण वळत नाही. स्कूटर चालवताना मी आरशावर अवलंबून असते. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आले की ओळीखाली पट्टी नाही. ती ड्रॉवरमध्येच राहिली होती आणि चौकट वाचून झाली होती. वीस मिनिटांत. मी ती पुन्हा वाचली. चूक नव्हती.

फिजिओथेरपीला गवंडी त्याआधीच यायचा थांबला होता. नोंदवहीत त्याच्या नावापुढे रेघ मारलेली होती. बरा झाला की काम सुटले, हे तिथल्या बाईंना माहीत नव्हते. फोन नंबर होता; लागला नाही.

मास्तरांना मी दोन वेळा फोन केला. एकदा उचलला नाही. एकदा त्यांच्या सूनबाईंनी उचलला आणि सांगितले की ते काजूच्या बागेत गेले आहेत, आल्यावर सांगते. त्यांचा फोन आला नाही. त्या गावच्या बातम्या आता दुसऱ्या पेपरात आधी येतात.

महिना एका शनिवारी पूर्ण झाला. चौकटीत एकही चूक निघाली नव्हती. हे मी रोजच्या अंकांवरून पडताळले आहे आणि पान लावणाऱ्या सहकाऱ्यानेही पडताळले आहे. मी संपादकांच्या खोलीत गेले.

"बसा," ते म्हणाले. एरवी ते मला बस म्हणतात.

"महिना झाला."

"माहीत आहे. मी बोललो त्यांच्याशी." त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "ते म्हणतात, पान आता बसलंय. पुन्हा हलवायचं नाही. तुला पणजीला संदर्भ विभाग देतायत. जुने अंक चाळून सूची करायची. शांत काम आहे. मानेला बरं."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," ते म्हणाले.

त्यांनी कागद पुन्हा सरळ केले. मी उठले.

पत्र बुधवारी आले. व्यवस्थापकांच्या सहीचे, एक पानाचे. माझा हुद्दा, विभाग, रुजू होण्याचा दिवस. तारीख आणि त्यापुढे कंसात सोमवार. मी ते उभ्याउभ्याच एकदा वाचले. त्या तारखेला मंगळवार येत होता. खात्रीसाठी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले, मंगळवारच होता. मी खिशातले पेन काढून सोमवार खोडला, वर मंगळवार लिहिले, समासात दुरुस्तीची खूण केली आणि पोचपावतीवर सही केली.